चहाच्या सुट्टीतला दुभाषी

सकाळी दहाची चहाची सुट्टी झाली की आमच्या पोर्टा केबिनमधल्या मागच्या टेबलावर एक फोन स्पीकरवर लागायचा. त्यावर तीन माणसं बोलायची आणि तिघांपैकी एकालाच सगळं कळायचं.

पलीकडे ग्रीसमधल्या एका सपाट, धुरकट शहरातल्या फ्लॅटमध्ये नव्वदीची म्हातारी. तिच्याजवळ तिला सांभाळणारी जॉर्जिया देशातली बाई. इकडे कुवेतमधल्या फहाहीलला, कंत्राटदाराच्या यार्डात, म्हातारीचा साठीला आलेला मुलगा. म्हातारी काहीतरी पुटपुटायची. मुलगा ते त्या बाईला ग्रीकमध्ये सांगायचा. मग फोनमधून ग्लासाचा किंवा खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. तेवढ्यावरून मला कळायचं की म्हातारीला पाणी हवं होतं, किंवा खिडकी लावायला हवी होती.

हे रोज चालायचं. हजारो किलोमीटरवरून आईसाठी पाणी मागायचं, आणि मग गार झालेला चहा एका घोटात संपवून पाइप तपासायला उन्हात जायचं.

ते आमच्याकडे इन्स्पेक्टर होते. पाइपवरचा रंगाचा थर नीट बसलाय की नाही हे पाहायचे आणि चुकलेल्या जागी पिवळ्या मार्करने गोल काढायचे. त्यांच्या रिपोर्टांना नंबर देऊन ते जागच्या जागी लावणं हे माझं काम. यार्डात सगळे त्यांना 'ग्रीक' म्हणायचे. मी 'सर' म्हणायचे.

एकदा मी सहज म्हटलं, "सर, तुमची आई ग्रीक फार वेगळं बोलते."

"ग्रीक बोलत नाही ती. विसरली. शाळेत शिकलेलं सगळं या दोन वर्षांत गेलं. राहिलं ते आधीचं. आमच्या डोंगरातलं."

बाहेरचे लोक त्यांना व्लाख म्हणतात, पुस्तकांत आरोमेनियन म्हणतात, ते स्वतःला अर्मन म्हणवतात. मेंढ्या, खेचरं आणि लोकर यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेली माणसं. उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात खाली मैदानात. लॅटिनच्या कुळातली त्यांची भाषा चार-पाच देशांच्या डोंगरांत विखुरलेली, आणि कुठल्याच देशाची नसलेली.

हे ऐकलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं.

माझ्या घरची गोष्ट सांगायला हवी. मी नाशिकची. वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील चालायचे. फेरीवाल्यांची पत्रकं, अंगणवाडी सेविकांची, बंद पडू घातलेल्या मराठी शाळांची. मी त्यांच्या घड्या घालता घालता वाचायला शिकले. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी भेटलं. पुढे छापखाना बंद झाला आणि मी इथे कागदांना नंबर देण्याच्या नोकरीवर आले. "तिथं पत्रक काढायचं नाही," हे वडिलांनी विमानतळावर तीनदा सांगितलं. चौथ्यांदा आईने सांगितलं.

"मग तुम्ही तिच्याशी तुमच्या भाषेत का बोलत नाही?" मी सरांना विचारलं. "ती त्या भाषेत बोलते आणि तुम्ही उत्तर ग्रीकमध्ये देता. तिला कसं कळणार?"

"मला ऐकता येतं. बोलता येत नाही. आईवडील आपसात बोलायचे, आमच्याशी ग्रीकच. शब्द सगळे आत आहेत. जीभ वळत नाही."

खरी अडचण मला पुढच्या आठवड्यात कळली. फोनवर म्हातारी रोज एक प्रश्न विचारायची. तो त्यांच्या गावात वाटेत भेटलेल्या प्रत्येक पोराला विचारतात, आपल्याकडेही विचारतात. "कोणाचा रे तू?" सर ग्रीकमध्ये सांगायचे, मी आहे, तुझा मुलगा. ती बाईला काहीतरी सांगायची.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कचेरीतले साहेब आलेत वाटतं. कॉफी द्या आणि वाटेला लावा."

सर हसले. मीही हसले. मग ते म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत शटडाऊनचं काम आहे, रिफायनरी बंद ठेवून दुरुस्ती, तोवर रजा नाही. डॉक्टर म्हणतात, तिचं काही सांगता येत नाही. तिने मला एकदा ओळखावं, एवढंच आहे. नंतर विसरली तरी चालेल."

मी वही आणली.

म्हातारी जे बोलेल ते मी देवनागरीत उतरवून घ्यायचं, सरांनी शेजारी अर्थ सांगायचा, आणि त्यातून त्यांना बोलता येतील अशी वाक्यं जुळवायची, असं ठरलं. ग्रीक लिपीत ते उच्चार नीट बसत नाहीत असं ते म्हणायचे. आपल्या लिपीत बसले. 'चमचा' मधला च, 'जहाज' मधला ज, दोन्ही त्यांच्या भाषेत आहेत. पाणी म्हणजे 'अपा', घर म्हणजे 'कासा'. मी वाचून दाखवलं की सर मान डोलवायचे. "तू म्हणतेस ते बरोबर आहे. माझी आत्या असंच म्हणते."

"मग आता तुम्ही म्हणा."

ते तोंड उघडायचे आणि मिटायचे. पाच फूट अकरा इंचांचा माणूस, क्रेनवाल्यांवर ओरडणारा, 'अपा' म्हणताना लाल व्हायचा.

वही भरत गेली. म्हातारीला फ्लॅट हे हिवाळ्याचं तात्पुरतं बिऱ्हाड वाटायचं. मेंढ्या वर निघाल्या का, हे ती विचारायची. वर जाण्याच्या दिवशी त्यांच्याकडे घोंगड्या आणि कपडे गाठोड्यात बांधून ठेवतात, आधी म्हाताऱ्या माणसांचं गाठोडं बांधतात. ती रोज सकाळी स्वतःची चादर, उशीचा अभ्रा, एक मोजा असं गाठोडं बांधून पलंगावर बसायची. जॉर्जियाची बाई ते सोडायची. म्हातारी रडायची. सर फोनवरून बाईला सांगायचे, "सोडू नका हो. राहू द्या. झोपताना सोडा."

हे सगळं मी लिहून घेत होते, आणि लिहिता लिहिता मला त्याचं पत्रक दिसायला लागलं होतं.

मराठी भाषा दिन जवळ आला होता. इथल्या मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे. त्यात पुण्या-मुंबईचे इंजिनिअर कविता टाकतात आणि त्यांची मुलं त्याखाली इंग्रजीत शुभेच्छा देतात. माझं रक्त तापायचं. या लोकांना हलवायला मी एक पान लिहिलं. मथळा दिला: 'एका मरणाऱ्या भाषेचा शेवटचा आवाज!' खाली ग्रीसने दडपलेली जमात, गाठोडं बांधणारी म्हातारी, आईला उत्तर देऊ न शकणारा मुलगा, आणि शेवटी सवाल: उद्या तुमचीही मुलं अशीच मुकी होणार का?

पाठवण्याआधी ते आमच्या चाचांना दाखवलं. चाचा रत्नागिरीचे, कंपनीचे मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारे. तीस वर्षं दस्मानपासून अहमदीपर्यंत सगळ्या खिडक्या त्यांना ओळखतात. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पान वाचलं.

"झ्याक लिवलंस गो. रडू येतंय." मग पान उलटं करून मागे बघितलं. "ह्याच्यावर त्या ग्रीकाची सही खंय हाय?"

"सही कशाला? त्यांचं नाव कुठे दिलंय?"

"नाव नाय, आयस दिलीस की त्याची. मी एवढासा रेसिडेन्सीचा इकामा रिन्यू करायला गेलो तरी माणसाची सही घेतो. तू त्याच्या आयशीचा मोजा घेऊन बाजारात चाललीस, आणि सही नाय?"

"चाचा, ही चळवळ आहे. परवानग्या मागत बसलं तर चळवळी होत नाहीत."

"बरां बाय," चाचा म्हणाले. "तू शिकलेली."

मी पाठवलं. मराठीत पाठवलं आणि वर इंग्रजीतही केलं, कारण मला वाटलं, हे ऑफिसातल्या सगळ्यांनी वाचायला हवं. ग्रुपवर टाळ्यांचे हात आले, डोळे पुसणारे चेहरे आले. दोन दिवसांत ते पान फिरत फिरत फिंतासला राहणाऱ्या एका ग्रीक इंजिनिअरच्या फोनवर पोचलं.

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी सर आले. हातात त्या पानाची छापील प्रत. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. त्यावर पिवळ्या मार्करने तीन गोल काढले होते.

"रिपोर्ट आहे," ते म्हणाले. "नंबर दे."

त्यांनी पहिल्या गोलावर बोट ठेवलं.

"पहिला दोष. शेवटचा आवाज. कोण शेवटचं? माझी आत्या बोलते. गावातला खाटीक बोलतो, दोन भाऊ कॅफेत बसून या भाषेत एकमेकांना शिव्या देतात. मथळ्यासाठी तू सगळ्यांना पुरून टाकलंस."

"सर, मला म्हणायचं होतं..."

"दुसरा दोष. दडपलेली जमात. मी ग्रीक आहे. माझे आजोबा ग्रीसच्या लढाईत पाठीवर दारूगोळा वाहताना बर्फात मेले. कोणी सांगितलं तुला की मी ग्रीक नाही? काल एकजण फोन करून हसत विचारतो, काय रे, तू आता अल्पसंख्याक झालास का?"

मी म्हटलं, "पण तुमच्या भाषेला शाळा नाही, पुस्तक नाही, हा अन्याय नाही का?"

मला अजूनही वाटतं की हा प्रश्न बरोबर होता. त्या सकाळी तो विचारायला नको होता.

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. आवाज खाली आला, तो जास्त वाईट होता. "आमच्या गावात पत्रकं आली होती, मुली. माझ्या आजीच्या तरुणपणी. एक परक्या देशाचा यायचा आणि सांगायचा, तुम्ही ग्रीसचे नाही, आमचे. दुसरा यायचा आणि सांगायचा, तसं बोलाल तर बघून घेऊ. दोघांनाही आमच्या भाषेचा फार कळवळा होता. दोघंही सुरेख लिहायचे. सख्खे भाऊ एका चर्चमध्ये उभे राहीनासे झाले. म्हणून आईने ही भाषा चुलीपाशी ठेवली, दाराबाहेर नेली नाही. आणि तू दाराबाहेर नेलीस. तेही तिच्या मोज्यासकट. तिसरा गोल तोच आहे."

ते उठले. जाताना म्हणाले, "वही तुझ्याकडेच ठेव. मला ती लिपी वाचता येत नाही."

त्या दिवसापासून फोन स्पीकरवर लागेनासा झाला. चहाच्या सुट्टीत ते यार्डाच्या कुंपणापाशी जाऊन बोलायचे. केबिनच्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची. मी ग्रुपवर माफी लिहिली, ते पान काढून टाकायची विनंती केली. एकाने लिहिलं, 'अहो ताई, पण फार छान होतं ते!' पत्रकाची घडी एकदा उलगडली की पुन्हा घालता येत नाही. ही गोष्ट छापखान्यात वाढलेल्या मुलीला माहीत असायला हवी होती.

वडिलांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "उद्देश शुद्ध होता ना तुझा?"

"हो."

"मग झालं तर," ते म्हणाले. पुढे म्हणाले, "आमच्याही हातून असं झालेलं आहे." काय झालं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

शटडाऊनचा तिसरा आठवडा होता. धुळीने आकाश तांबूस झालं होतं. सकाळी साडेनऊला, सुट्टीच्या आधीच, सर केबिनमध्ये आले. डोक्यावरचं हेल्मेट तसंच. फोन हातात, चालू.

"वही आण."

मी वही काढली. धुळीने चिकटलेली पानं बोटाने सुटी केली.

"तीन दिवस खाल्लेलं नाही तिने. कालपासून डोळे मिटून आहे. बाई म्हणते, आता फार वेळ नाही." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "तू वाच. मी तुझ्यामागून म्हणतो. आधी तू वाच."

जॉर्जियाची बाई पलीकडून काहीतरी म्हणाली, मग फोन उशीपाशी नेल्यासारखी सळसळ झाली, आणि श्वास ऐकू आला. मोठा, अडखळणारा.

मी वाचलं. मेंढ्या वर निघाल्या. वाट मोकळी आहे. तुझं गाठोडं बांधलं. तिचीच वाक्यं, तिच्याच चालीवर, नाशिकच्या मुलीच्या तोंडून. एकेक शब्दाला मी थांबत होते, जणू कुणाच्या घरात चपला हातात घेऊन चालले आहे.

श्वासाची लय बदलली. म्हातारी बोलली. इतक्या हळू की सरांनी फोनला कान लावला.

"विचारतेय, कोणाची तू?"

ती मला विचारत होती. आवाज बाईचा, भाषा तिची. तिला वाटलं असेल कोणी बहीण, कोणी मैत्रीण आली. दोन महिने ज्यासाठी आम्ही धडपडत होतो ती ओळख उलटी माझ्याकडे चालत आली होती, आणि मी ती घेऊ शकत नव्हते. मी सरांकडे बघितलं. वहीतलं शेवटचं वाक्य त्यांच्यासाठी होतं. 'मी तुझा. तुझा मुलगा. आलोय.' मी ते फक्त ओठांनी म्हणून दाखवलं.

त्यांनी हेल्मेट काढलं. एक शब्द म्हटला, थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. तिसऱ्या वेळी पूर्ण वाक्य आलं, कच्चं, लहान मुलाच्या वाचनासारखं. मग तेच पुन्हा, जरा मोठ्याने.

सरांनी फोन जवळ ओढला. मग म्हातारीचा आवाज आला, आणि त्यात अचानक जोर होता. दोनच शब्द. दटावल्यासारखे.

सरांनी तोंडावर हात धरला. त्यानंतर फक्त श्वास ऐकू येत राहिला. थोड्या वेळाने बाईने फोन उचलला, ग्रीकमध्ये काही सांगितलं, आणि सरांनी बंद केला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, हळू. लोकांत नको."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. पाच वर्षांचे असताना ते आईबरोबर शहराच्या बाजारात गेले होते. कुठल्याशा दुकानापुढे त्यांनी आईला मोठ्याने, त्या भाषेत, काहीतरी मागितलं. काय मागितलं ते आठवत नाही. आजूबाजूचे दोघे-तिघे वळून हसले. आईने थोबाडीत दिली आणि हेच शब्द म्हणाली. हळू, लोकांत नको. त्या दिवसापासून ते ती भाषा पुन्हा बोलले नाहीत. आईचं त्यांनी ऐकलं होतं.

"म्हणजे तिने ओळखलं," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "ओळखलं."

त्यांनी हेल्मेट घातलं आणि तसेच बसून राहिले.

दुपारी रजा मिळाली. चाचांनी दोन तासांत कागद फिरवून देशाबाहेर जाण्याचा परवाना हातात दिला आणि स्वतः गाडीने विमानतळावर सोडलं. पण सर पोचण्याआधी पहाटेच ती गेली होती.

पंधरा दिवसांनी ते परत आले. दाढी वाढलेली. मी इथली रीत म्हणून सांत्वनाची दोन वाक्यं बोलले, ती त्यांनी मान हलवून घेतली. मग रिपोर्ट सह्यांसाठी पुढे ठेवले. सही करता करता ते आपणहून बोलायला लागले.

आईला त्यांनी डोंगरावर नेलं. बर्फ वितळलं होतं. आत्या आणि गावातल्या म्हाताऱ्या जमल्या. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाशी बायका गाऊन बोलतात, त्याला रागावतात, प्रश्न विचारतात. तशा त्या भर स्मशानात, मोठमोठ्याने, त्या भाषेत गायल्या. सरांचा मुलगा अथेन्सहून आला होता. तिशीचा, वकील. त्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता. त्याने वडिलांच्या कानाशी येऊन विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"त्या तिला म्हणत होत्या," सर म्हणाले, "ऊठ ग, पोरगा लांबून आलाय, दाराशी उभा आहे, त्याला आत घे."

"आणि तुम्ही मुलाला काय सांगितलं?"

"सांगितलं, प्रार्थना आहे."

पत्रक लिहिणारी ती मी असते तर उसळले असते. म्हटलं असतं, हीच वेळ होती, अशीच भाषा मरते, अशाच लहानशा खोट्याने. ते वाक्य माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं, उद्गारचिन्हासकट. आणि ते खरंही होतं.

सरांनी पेन खाली ठेवलं. मग बायकांची ती ओळ त्यांनी त्यांच्या भाषेत म्हटली. न अडखळता, पूर्ण, चांगली मोठ्याने. बाहेर फोर्कलिफ्ट मागे येत होती, कोणी हिंदीत ओरडत होतं. केबिनमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

वही माझ्या खणात होती. मी ती काढली नाही.